सातपुड्याच्या पायथ्याचे वृद्ध

दारिद्र्य सिद्ध करण्यास द्रव्य लागावे, ही आमच्या राज्यकारभारातील मोठी विसंगती होय. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू, निहाल, भिल, भिलाला हे लोक राहतात. त्यांतील जे वृद्ध मजुरीस मुकले त्यांच्यासाठी श्रावणबाळ निवृत्तिवेतन आहे. २०२३ साली ते दरमहा १,००० रुपयांवरून १,५०० झाले. रकमेचा वाद तूर्त बाजूस ठेवू. ती पदरात पडते कशी, हे पाहावे.

अर्जदाराचे वय ६५ हवे. शिवाय दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव तरी हवे, किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत तरी हवे. व्यापारी वाचकांनी हिशेब करावा : साऱ्या कुटुंबास दिवसाला ५७ रुपये! एवढ्यात घर चालत नाही, हे दाखला देणाऱ्यासही ठाऊक असते व घेणाऱ्यासही. म्हणजे खरे बोलेल तो अपात्र! जो नियम गरिबास खोटे बोलावयास लावतो, त्याचे समर्थन कोणत्या न्यायशास्त्राने करावे?

वयाची गोष्ट याहून कठीण. ज्याने शाळा पाहिली नाही, त्याचे वय शिधापत्रिकेवर कोणीतरी अंदाजाने घातलेले असते. अंदाज पाच वर्षांनी चुकला, की पाच वर्षांचे वेतन बुडाले. ग्रामीण रुग्णालयाच्या दाखल्याची सोय नियमात आहे, हे खरे. पण त्यासाठी गाडीभाडे खर्चून डोंगर उतरावयाचा, आणि डॉक्टर न भेटल्यास पुन्हा उतरावयाचा!

कित्येक वाचकांस ठाऊक नसेल, की १९७६ च्या कायद्यापूर्वी विदर्भात अनुसूचित जमातींची मान्यता ठराविक तालुक्यांपुरतीच होती. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटचा कोरकू त्यांत बसे. त्याच डोंगराचा, त्याच भाषेचा बुलढाण्याचा कोरकू मात्र बसत नसे. ही क्षेत्रमर्यादा उठली तेव्हा आजचे पंच्याहत्तरीचे वृद्ध पंचविशीत पोहोचले होते. शिक्षणाचे वय निघून गेले होते. त्यांच्या आजच्या दारिद्र्यास कोणी दैव म्हणेल तर आम्ही ते मान्य करणार नाही. काही अंशी ते त्या जुन्या सीमारेषेचेच फळ आहे.

तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांस आमची सूचना अशी, की वैद्यकीय अधिकारी व तलाठी यांस वर्षातून दोनदा वस्तीवरच पाठवावे, आणि वयाचा दाखला व अर्ज कोरकू जाणणाऱ्या दुभाष्यासमक्ष त्याच जागी पुरा करावा. उत्पन्नाची मर्यादा मात्र मुंबईसच बदलावी लागेल. ते काम आमदारांचे आहे, व बाजारपेठेतील मतदारांनी त्यांस त्याचा जाब विचारावा.