पाऊस भरपूर, तरी माळावरचं गवत लवकर का वाळतं?



पेण-रोह्यात पावसाळ्यात साधारण 3000 मि.मी. पाऊस होतो. मग चाऱ्याची टंचाई कशी, असं वाटेल. पण गवत एकूण पावसावर नाही, मुळाशी ओल किती दिवस टिकते त्यावर वाढतं.

*काय बदलतंय?*
हवा 1 अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. म्हणून पडतो तेव्हा पाऊस धो धो पडतो, आणि उघडीप झाली की तीच हवा जमिनीतली ओल ओढून घेते. आपल्या वरकस जमिनीत माती वीतभर, खाली मुरूम नाहीतर कातळ. पाणी मुरत नाही, खाडीला जातं. 2023 चा ऑगस्ट आठवा: 1901 पासून देशातला सर्वात कोरडा ऑगस्ट. ऐन वाढीच्या दिवसांत पावसाने अशी ओढ दिली की उतारावरचं गवत आधी खुरटतं. पुढे अशी ओढ जास्त वेळा बसण्याची शक्यता आहे.

खुरटलेल्या गवतावर जनावरं सोडली तर मुळं दुबळी होतात. पुढच्या वर्षी तिथे चांगलं गवत कमी आणि कुसळी, टाकळा, रानमोडी जास्त.

*आत्ता काय करायचं?*

1) *कापणी वेळेवर.* गवत फुलोऱ्यात असताना कापा. पूर्ण वाळल्यावर कापलं तर पानं झडतात, नुसती काडी उरते. दोन-तीन दिवस कडक ऊन बघून कापा, नीट वाळवून रचा. थोडा पट्टा बियांसाठी राखा.

2) *हिशोब करा.* मोठ्या जनावराला रोज 6 किलो सुका चारा धरला, तर फेब्रुवारी ते मे 120 दिवसांत 7 क्विंटलच्या वर लागतो. एक भारा वजन करा आणि आपले भारे मोजा. कमी पडत असेल तर पेंढ्याची सोय आत्ताच करा. मे महिन्यात महाग पेंढा घ्यायचा किंवा दुभती गाय विकायची वेळ येऊ नये.

3) *वणवा थांबवा.* माळाभोवती जाळरेषा काढा. राबासाठी पालापाचोळा वापरा, खाण्याजोगं गवत जाळू नका.

4) *हिरवा चारा.* हेटवणे किंवा कुंडलिकेच्या कालव्याचं पाणी मिळत असेल तर दोन-चार गुंठे संकरित नेपियर लावा. पाणी कमी असेल तर न्हाणीच्या सांडपाण्यावर चार ठोंबं तरी लावाच.

5) *खारेपाटातल्या सभासदांसाठी.* गोडं पाणी नाही, पण भाताचा पेंढा आहे. 100 किलो पेंढ्यावर 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडा, दाबून प्लास्टिकने हवाबंद झाका, 21 दिवसांनी उघडा. खायला घालण्याआधी तासभर वाऱ्यावर पसरा. सुरुवातीला थोडा थोडा द्या.
⚠️ 6 महिन्यांखालच्या वासरांना देऊ नका. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागू देऊ नका, विषबाधा होते. पहिल्यांदा करताना पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून करा.

6) *पावसाळ्यात माळाला उसंत द्या.* पहिल्या पावसानंतर गवत वीतभर होईपर्यंत चराई बंद. मग माळाचे भाग पाडून पाळीपाळीने चारा.

आपल्या वाडीतल्या ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांनाही हे वाचून दाखवा.