जपून चालायला जागा हवी ना!

आमच्या शेजारच्या काकू गेल्या पावसाळ्यात भाजी आणायला म्हणून बाहेर पडल्या आणि पुढे तीन महिने अंथरुणावर होत्या. पदपथावर ओळीनं दुचाक्या लावलेल्या. म्हणून त्या रस्त्यावर उतरल्या, तर मागून स्कूटरचा धक्का बसला. खुब्याचं हाड मोडलं. भेटायला येणारा जो तो म्हणे, "या वयात जपून चालावं हो!" काकू एकदाच म्हणाल्या, "जपून चालायला जागा तर हवी ना!"

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. त्याच पदपथावरून माझी नात शाळेत जाते.

२०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे रोज जवळजवळ नव्वद. आपण मात्र 'नशीब' म्हणून मोकळे होतो. नेदरलँड्समध्ये १९७१ साली सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. तिथल्या आईबापांनी नशिबाला बोल लावला नाही. ते रस्त्यावर उतरले. आज सायकलींसाठी वाखाणले जाणारे तिथले रस्ते अशा चळवळींतूनही घडले आहेत.

मी काही चळवळीतली बाई नव्हे. घरातली शिवणाची टेप घेतली आणि पदपथ मोजला. इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी. आमच्याकडे ती जेमतेम दोन फूट निघाली! मग शाळा सुटताना तासभर उभी राहून किती मुलं रस्त्यावर उतरतात, ते वहीत टिपलं. 'वाहतूक फार वाढलीय' या तक्रारीला कुणी दाद देत नाही. आकड्यांपुढे मात्र साहेबांनाही चष्मा लावावा लागतो.

अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला. उत्तर नाही. दुसरा अर्ज दिला. मग माहितीचा अधिकार वापरला. 'काकूंना कशाला त्रास' म्हणणारे शेजारी हळूहळू सह्या करू लागले. सगळ्यांत अवघड गेलं ते आमच्याच इमारतीतल्यांना पदपथावरची वाहनं आत लावायला सांगणं. त्यांत माझा मुलगाही होता! दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी त्यानं मुकाट्यानं स्कूटर आत घेतली.

मोकळे पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये म्हटलं. पण हक्क कागदावरून कोपऱ्यापर्यंत आणायला कुणीतरी हेलपाटे घालावेच लागतात.

शाळेसमोर आता झेब्रा पट्टे आलेत. गतिरोधक अजून 'विचाराधीन' आहे, आणि माझा पाचवा अर्ज तयार आहे. परवा काकू काठी टेकत भाजीला निघाल्या. इमारतीपुढचा पदपथ मोकळा होता. पुढच्या वळणावर मात्र त्या थबकल्या, मागे वळून म्हणाल्या, "अगं, टेप घेऊन ये. इथंही मोजायचंय."