जोडलेल्या हातांची घरे

जपानच्या गिफू प्रांतातील शिराकावा-गो आणि शेजारच्या तोयामा प्रांतातील गोकायामा या डोंगराळ भागांत हिवाळ्यात माणूसभर बर्फ साचतो. तेथील शेतकऱ्यांची लाकडी सांगाड्याची, गवताने शाकारलेली घरे ‘गाश्शो-झुकुरी’ म्हणून ओळखली जातात. गाश्शो म्हणजे प्रार्थनेसाठी जोडलेले हात. छपराची दोन पाखी सुमारे ६० अंशांच्या उतारावर एकमेकांस टेकलेली असतात, त्यावरून हे नाव पडले.

हा उतार केवळ शोभेसाठी नाही. त्यावरून बर्फ घसरतो, पाणी गवतात मुरत नाही आणि छपराखाली प्रशस्त माळे मिळतात. या माळ्यांवर रेशमाचे किडे पोसले जात. गोकायामात तर घराच्या जमिनीखाली बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा तयार होई व तो कागा संस्थानाकडे जाई. जेथे भातशेतीस जमीन अपुरी, तेथे घर हेच उत्पादनाचे साधन बनले होते.

रचनाही तितकीच विचारपूर्वक आहे. खालच्या मजल्याचे खांब व तुळया कुशल सुतार उभारीत. छप्पर मात्र गावकरीच बांधीत. त्यात लोखंडी खिळा नसतो. दोरांनी व लवचीक फांद्यांनी आवळलेला सांगाडा वाऱ्याच्या दाबाखाली किंचित हलतो, पण मोडत नाही. चुलीच्या धुराने लाकूड व गवत किडीपासून सुरक्षित राहते.

तीस-चाळीस वर्षांनी छप्पर नव्याने शाकारावे लागते. एका कुटुंबास न पेलणारे हे काम ‘युई’ या प्रथेने होई. आपल्याकडील इर्जिकीप्रमाणेच येथे पैशाऐवजी श्रमाची परतफेड श्रमाने केली जाई. पुढे रेशमाचा धंदा ओसरला, तरुण शहरांकडे वळले, १९६१ साली पुऱ्या झालेल्या मिबोरो धरणाखाली काही वस्त्या गेल्या. उत्पन्न आटले, छपराचा खर्च मात्र उरला.

तेव्हा ओगिमाची गावातील रहिवाशांनी १९७१ साली निर्धार केला : घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, मोडायचे नाही. १९७६ साली शासनाने गावास संरक्षण दिले आणि १९९५ साली ओगिमाची, आइनोकुरा व सुगानुमा ही गावे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. आज शासकीय अनुदान व पर्यटकांचा पैसा यांवर छपरांचा बराचसा भार आहे.

येथेच खरा प्रश्न उपस्थित होतो. अनुदानाने गवत आणता येते, मजुरी देता येते; परंतु शेजाऱ्याच्या छपरावर चढण्याचे कर्तव्य अंदाजपत्रकातून निर्माण होत नाही. वास्तू टिकविणे म्हणजे तिचा सांगाडाच नव्हे, तर तिला उभे ठेवणारे परस्परसंबंधही टिकविणे होय. ते तुटले, तर छप्पर शाबूत राहील; जोडलेले हात मात्र केवळ नावापुरते उरतील.