विचारले कोणाला? मानसशास्त्रीय पाहणीचा मागोवा

समाजाच्या मनाचा ठाव घेण्यासाठी दारोदार हिंडून प्रत्येक माणसाची जबानी नोंदवण्याचे कारण नाही, योग्य रीतीने निवडलेल्या थोडक्या माणसांच्या उत्तरांवरून अवघ्या समुदायाविषयी अनुमान बांधता येते, हा विचार आज इतका अंगवळणी पडला आहे की तो रूढ होण्यापूर्वी त्यावर केवढा वाद माजला होता याचे स्मरणही उरलेले नाही. १८९५ साली नॉर्वेचे अँडर्स कियर यांनी बर्न येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेच्या अधिवेशनात प्रातिनिधिक पाहणीचा पुरस्कार केला, तेव्हा संपूर्ण शिरगणतीखेरीज दुसरे प्रमाण न मानणाऱ्या विद्वानांनी त्यांना कडाडून विरोध केला. पुढे १९३४ मध्ये येर्झी नेमन यांनी नमुन्याची निवड अभ्यासकाच्या मर्जीवर न सोपवता यादृच्छिक पद्धतीने केली, तरच अनुमानातील चुकीची मर्यादा हिशेबाने सांगता येते, हे गणिताने सिद्ध केले. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे त्याच सुमारास लंडनमध्ये या विषयाचे अध्ययन करीत होते. नमुना-पाहणीच्या उपपत्तीवरील त्यांचा १९५४ मधील ग्रंथ या शास्त्राचा मान्यवर आधार ठरला.

मानसशास्त्राचे लक्ष मात्र त्या काळी वेगळ्या दिशेला लागले होते. लुई थर्स्टन यांनी १९२८ मध्ये अभिवृत्तीचे मापन शक्य आहे असे प्रतिपादन केले, आणि रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये पूर्ण सहमतीपासून पूर्ण असहमतीपर्यंत नेणारी, आज शाळकरी मुलांनाही परिचित असलेली पंचपदी श्रेणी सिद्ध केली. मापनाचे साधन असे घासूनपुसून तयार होत असता, ज्यांचे मापन करायचे ती माणसे बहुधा अध्यापकांच्या हाताशी असलेले महाविद्यालयीन विद्यार्थीच असत, आणि त्यांच्यावरून मनुष्यमात्राविषयी सिद्धांत मांडले जात. शिवाय प्रश्नावलीवरील उत्तर आणि प्रत्यक्ष आचरण यांत किती अंतर असू शकते, हे रिचर्ड लापियर यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले. एका चिनी दांपत्यासमवेत त्यांनी अमेरिकेत प्रवास केला, त्यात २५१ हॉटेले-उपाहारगृहांपैकी केवळ एकाने त्यांना नकार दिला. पुढे पत्राने विचारता, उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक चालकांनी चिनी पाहुण्यांना प्रवेश देणार नाही असे कळवले.

निवडीकडील दुर्लक्षाची किंमत लोकमतपाहणीने चारचौघांत मोजली. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका धाडल्या, त्यांपैकी सुमारे २४ लाख भरून परत आल्या, आणि त्यांच्या बळावर उमेदवार लँडन यांच्या विजयाचे भाकीत करण्यात आले. परंतु ४८ पैकी ४६ राज्ये प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी जिंकली. मतपत्रिका ज्यांवरून धाडल्या त्या दूरध्वनी आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांत, मंदीच्या त्या वर्षांत, गरिबांची नावे तुटपुंजी होती, आणि पत्रिका परत न धाडणाऱ्या बहुसंख्यांचे मत तर अज्ञातच राहिले. १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत कोटा पद्धतीने, म्हणजे प्रत्येक गटातून ठरावीक संख्येने, माणसे निवडणाऱ्या गॅलपप्रभृती पाहणीकर्त्यांनी डुई यांना विजयी ठरवले, आणि निवडून आले ट्रुमन.

मानसशास्त्रातही क्विन मॅकनेमार यांनी १९४६ मध्येच बजावले होते की मानवी वर्तनाचे म्हणवले जाणारे शास्त्र बव्हंशी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या वर्तनाचे शास्त्र आहे. त्यानंतर सहा दशके उलटली, तरी २००८ साली जेफ्री आर्नेट यांना अमेरिकेतील प्रमुख मानसशास्त्रीय नियतकालिकांत आढळले ते हेच, की अभ्यासिलेले ९६ टक्के लोक ज्या पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले आहेत, तेथे जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते.

म्हणून आपल्या विद्यापीठांतील तरुण संशोधकांस आग्रहाची विनंती आहे, की परदेशी प्रश्नावली मराठीत उतरवून ती आपल्याच वर्गात वाटून थांबू नये. शेतमजूर, गिरणीकामगार, गृहिणी आणि वृद्ध यांनाही निवडले जाण्याची रीतसर संधी द्यावी, आणि उत्तर देण्यास नकार देणाऱ्यांची संख्या अहवालात न लपवता नोंदवावी. उत्तरांची संख्या कितीही मोठी असली तरी ती सदोष निवडीचा दोष धुऊन काढू शकत नाही.