घन पदार्थातला प्रवास

पाण्यात शाईचा थेंब टाकला की तो पसरतो, हे आपण नेहमी पाहतो. दगडविटेतले कण मात्र जागच्या जागी थरथरतात, जागा सोडत नाहीत, असे मी स्वतः वर्गात कित्येक वर्षे सांगत आलो. ते अर्धेच खरे. कसे, ते एका जुन्या दिव्यावरून सांगतो.

१८९७ साली जर्मनीत गॉटिंगेन येथे वाल्थर नेर्न्स्ट यांनी झिर्कोनियमच्या ऑक्साइडात थोडे यिट्रियमचे ऑक्साइड मिसळून एक बारीक कांडी केली. भाजलेल्या चिनी मातीसारखी वस्तू. थंड असता तिच्यातून वीज जात नाही. पण ती आधी तापवली की वीज वाहू लागे, आणि मग कांडी आपल्याच उष्णतेने लखलखत राही. निर्वात काचेची गरज नव्हती. ऑक्साइड हवेत आणखी काय जळणार! मात्र विजेचा दिवा लावायला आधी आगकाडी ओढावी लागे, ही मौजच.

वीज नेत होते कोण? याचा उलगडा १९४३ साली कार्ल वाग्नर यांनी केला. झिर्कोनियमचे दोन कण चार ऑक्सिजन सांभाळतात; यिट्रियमचे दोन कण तीनच. म्हणून यिट्रियमची जोडी जिथे बसते तिथे ऑक्सिजनची एक जागा रिकामी पडते. पंगतीत एक पाट रिकामा राहिला, तर शेजारचा त्यावर सरकतो, मग त्याचा पाट रिकामा होतो. तसेच इथे. थंडीत कणाला पाट सोडण्याइतके बळ नसते, तापल्यावर ते येते. पण एरवी हे सरकणे कुठल्याही दिशेला होते. म्हणजे नुसते मिसळणे. वीज लावली की ऋणभारित ऑक्सिजन धनाग्राकडे निघतात. तिथे ते वायू होऊन हवेत जातात, आणि ऋणाग्रापाशी हवेतला ऑक्सिजन कांडीत शिरतो. म्हणून कांडी रिती होत नाही. झिर्कोनियम मात्र जवळजवळ जागेवरच!

पुढे टंगस्टनच्या तारेच्या दिव्यांनी हा दिवा मागे टाकला. पण १९७६ पासून मोटारींच्या धुराच्या नळीत याच पदार्थाची टोपी बसू लागली. आत हवा, बाहेर धूर. दोहोंतल्या ऑक्सिजनच्या फरकामुळे कण सरकू पाहतात, आणि त्यातून उपजलेल्या विजेच्या दाबावरून इंजिनाला पेट्रोल किती द्यायचे ते ठरते.