‘फिरून या’ म्हणण्यापूर्वी

पनवेलच्या वडाळे तलावाकाठी सकाळी सहाच्या सुमारास दोन प्रकारची माणसे भेटतात. काहींना डॉक्टरांनी साखर किंवा रक्तदाबापायी घराबाहेर पिटाळलेले असते, तर काही आपखुशीने आलेली असतात. दुसऱ्या प्रकारातील कुणालाही कारण विचारा, उत्तर ठरलेले : ‘फिरून आले की डोके हलके होते.’ वर थोडे शास्त्रही ऐकायला मिळते, ‘एंडॉर्फिन सुटते ना!’ त्यांचा अनुभव शंभर टक्के खरा आहे. कारणाबाबत मात्र संशोधकांचे मत अलीकडे बरेच बदलले आहे.

एंडॉर्फिन म्हणजे शरीराने स्वतः तयार केलेले, अफूसारखे काम करणारे वेदनाशामक. त्याचा शोध १९७०च्या दशकातला. दमदार व्यायामानंतर रक्तातील त्याचे प्रमाण वाढते, हे पुढे दिसून आले आणि ‘आनंदाचे रसायन’ म्हणून त्याचा बोलबाला झाला. पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींचा एक दाट अडसर असतो व एंडॉर्फिनचा मोठा रेणू तो सहजी ओलांडू शकत नाही. २००८ साली म्युनिकच्या संशोधकांनी दहा धावपटूंना दोन तास पळवून त्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली, तेव्हा मेंदूतही असे पदार्थ स्रवत असल्याची चिन्हे दिसली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात मात्र एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारे औषध देऊन लोकांना पंचेचाळीस मिनिटे पळवण्यात आले. तरीही त्यांना नेहमीसारखेच प्रसन्न वाटले! त्यांच्या रक्तात वाढलेला आढळला तो ‘आनंदामाइड’ हा दुसराच पदार्थ. जेरुसलेममधील शास्त्रज्ञांनी १९९२ साली तो शोधला आणि त्याचे नाव ठेवताना आपल्या संस्कृतातील ‘आनंद’ हाच शब्द घेतला. स्निग्ध असल्यामुळे हा रेणू मेंदूत सहज शिरतो.

अर्थात ही तास-दोन तासांची प्रसन्नता झाली. मनाच्या आरोग्याच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे ते आठवड्या-महिन्यांच्या गतीने चालणारे, संथ रसायन.

आहारातील प्रथिनांतून आपल्याला ट्रिप्टोफॅन नावाचे अमिनो आम्ल मिळते. त्यापासून सेरोटोनिन बनते, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण ट्रिप्टोफॅनचा फार मोठा हिस्सा कायनुरेनिन या पदार्थाकडे वळतो. दीर्घकाळचा ताण किंवा शरीरातील दाह असेल तर कायनुरेनिन वाढते, मेंदूत शिरते आणि तेथे त्याच्यापासून चेतापेशींना अपायकारक पदार्थ बनू शकतात. नैराश्याशी त्याचा संबंध जोडला जातो तो यामुळेच. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २०१४ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की व्यायामाने कसलेल्या स्नायूंत अशी विकरे वाढतात, जी कायनुरेनिनचे रूपांतर मेंदूत शिरू न शकणाऱ्या आम्लात करतात. माणसांच्या स्नायूंतही काही आठवड्यांच्या व्यायामानंतर ही विकरे वाढलेली आढळली. पोटरी आणि मांडीचे स्नायू मेंदूसाठी गाळणीचे काम करतात, ही कल्पनाच मला विलक्षण वाटते.

व्यायामामुळे बीडीएनएफ नावाचे प्रथिनही वाढते. ते चेतापेशींचे पोषण करते. अमेरिकेत १२० प्रौढ व वृद्धांच्या एका पाहणीत वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला (२०११). नंतरच्या सर्वच प्रयोगांत इतकी वाढ दिसली नाही, हेही सांगितले पाहिजे.

मग व्यायाम औषधाची जागा घेऊ शकेल काय? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात १९९९ साली नैराश्य असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या १५६ जणांवर प्रयोग झाला. काहींना सरट्रॅलिन हे औषध, काहींना व्यायाम, तर काहींना दोन्ही. औषधाचा गुण आधी दिसू लागला. पण सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखी होती. यातील एक तपशील सहसा सांगितला जात नाही. तो व्यायाम एकेकट्याने करायचा नव्हता. आठवड्यातून तीनदा, गटाने आणि देखरेखीखाली होत असे.

हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो तो आमच्या शेजारच्या एका गृहस्थांमुळे. तीस वर्षे त्यांनी पनवेल ते सीएसएमटी असा सव्वा तासाहून अधिक लोकलचा प्रवास रोज दोनदा केला. निवृत्तीनंतर हळूहळू त्यांचे बोलणे कमी झाले, झोप उडाली, दाढी वाढली. भेटायला येणारा प्रत्येक जण, त्यात मीही आलो, सांगत असे, ‘काका, जरा फिरून येत जा, बरे वाटेल.’ एकदा ते म्हणाले, ‘अरे, चपला दिसतात समोर. पण पाय घालणे होत नाही.’

हा आळस नव्हता. ‘हे केले तर बरे वाटेल’ अशी ओढ निर्माण करण्यात मेंदूतील डोपामिनच्या यंत्रणेचा मोठा वाटा असतो आणि नैराश्यात अनेकदा ही ओढच मंदावते. ज्याला व्यायामाची सर्वाधिक गरज आहे, त्यालाच तो सुरू करणे सर्वाधिक अवघड! अशा माणसाला नुसते ‘फिरून या’ म्हणणे म्हणजे पाय मोडलेल्याला जिना दाखवणे होय.

काकांना प्रथम मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. औषधे सुरू झाली. काही आठवड्यांनी काकू त्यांच्याबरोबर निघू लागल्या. आधी इमारतीच्या फाटकापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायामाची शिफारस केली आहे, परंतु त्या काळात काकांसमोर हा आकडा कुणी उच्चारला नाही, हे बरे झाले. औषधे चालू असताना व्यायाम सुरू झाला म्हणून ती परस्पर बंद करू नयेत, असेही डॉक्टरांनी बजावले होते. तज्ज्ञांपर्यंत पोहोचणे ज्यांना अवघड वाटते, त्यांना केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

काका आता सकाळी काकूंबरोबर तलावाच्या दोन फेऱ्या मारतात. कर्नाळा किल्ल्यावर चढून जाऊ या, असे मी सुचवले, तर हसून म्हणतात, ‘तू जा, आणि आल्यावर सांग.’