तलवार उरली, पट्टा गेला

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातलं गोदावरीकाठचं राक्षसभुवन शनीच्या मंदिरासाठी ओळखलं जातं. १० ऑगस्ट १७६३ रोजी याच परिसरात अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. निजामअली नदीपार निघून गेला होता. अलीकडे राहिलेला त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. इतिहासात नावं राहतात ती अशांची. त्या दिवशी लढलेल्या साध्या स्वाराच्या अंगावर काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

भाला, तलवार, ढाल. ढालीवरच्या चार पितळी फुल्या नुसत्या शोभेच्या नसत. आतली मूठ ज्या कड्यांना बांधलेली असे, त्या कड्या या फुल्यांनीच पक्क्या होत. कमरेला घट्ट गुंडाळलेला शेला आणि त्यात खोचलेली कट्यार. शिलेदार असेल तर घोडा आणि हत्यारं त्याच्या घरची, बारगीर असेल तर घोडा सरकारी. शिवकाळातली शिस्त सभासदाने बखरीत नोंदवली आहे: पंचवीस बारगिरांमागे पाणी वाहणारा एक पखालजी, घोड्यांना नाल मारणारा एक नालबंद. मोहिमेवर निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी व्हायची आणि परतल्यावर झडती.

रोमन शिपायाचाही हिशेब असाच चोख असे. अन्नाचे, कपड्यांचे पैसे त्याच्या पगारातून कापले जात. पण त्याची खरी ओळख कमरपट्टा. चामड्यावर पितळी पत्रे ठोकलेले, पुढे बक्कल. ऑगस्टस बादशहा चुकार अधिकाऱ्यांना सेनापतीच्या तंबूपुढे दिवसभर उभं करी, कधी कधी पट्ट्याविना. एवढी ती मानाची वस्तू. चामडं कुजलं तरी ते पत्रे आणि बकलं युरोपभर जमिनीत सापडतात, म्हणून तो पट्टा आज पुन्हा जुळवता येतो.

आपल्या स्वाराचा शेला सुती किंवा रेशमी, तलवार अडकवायचा पट्टा चामड्याचा. दोन्ही मातीत गेले. संग्रहालयांत पाती भरपूर आहेत. ती अंगावर कशी पेलली जात, हे बहुतेक चित्रांवरूनच ताडावं लागतं. मला ही हानी पात्यांवरच्या गंजापेक्षा मोठी वाटते, कारण शिपायाचं रोजचं जगणं त्या पट्ट्यांत आणि गाठींत होतं.

बीड जिल्ह्यात किंवा कुठेही, ज्यांच्या घरी खंडेनवमीला जुनी तलवार पुजली जाते त्यांना एक विनंती. पातं घासूनपुसून लख्ख करताना फाटकं म्यान, चामड्याची वादी, मुठीवरचं जुनं कापड फेकू नका. कोरड्या जागी सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि जवळच्या संग्रहालयाला दाखवा.